अफजलखानाच्या आधीचं बगदाद

पुणे जिल्ह्यातल्या मुलाच्या पाठ्यपुस्तकात मुसलमान माणूस ठळकपणे येतो तो चौथीत, आणि येतो तो फौज घेऊन. ‘शिवछत्रपती’ हे चौथीचं पुस्तक १९७० पासून महाराष्ट्रातल्या कितीतरी पिढ्यांनी वाचलं आहे. अफजलखानाचा वध, शायिस्ताखानाची फजिती, सिद्दी जौहरचा वेढा ही प्रकरणं मुलांना तोंडपाठ असतात. त्या पुस्तकाबद्दल इथे तक्रार करायची नाही. शिवचरित्र इथल्या मुलांनी वाचलंच पाहिजे, आणि महाराजांचे पारसनवीस काझी हैदर किंवा आरमारातला दौलतखान यांची नावं आवर्जून सांगणारे शिक्षकही आहेत. प्रश्न आहे तो क्रमाचा. शिरूर तालुक्यात वढू बुद्रुकला संभाजी महाराजांची समाधी आहे. दौंडपासून भीमा ओलांडली की पेडगावचा बहादूरगड लागतो. सतरावं शतक या दोन तालुक्यांतल्या मुलांना पुस्तकाच्या आधी घरात, सहलीत, व्याख्यानात भेटतं. त्याआधीची हजार वर्षं मात्र त्यांच्या डोळ्यांपुढे कोरी राहतात. ज्या धर्माचे लोक त्यांच्या गावात मुलाणी, तांबोळी, आतार, बागवान, शिकलगार म्हणून पिढ्यान्‌पिढ्या राहतात, त्या धर्माच्या पहिल्या तीनशे वर्षांत जगात काय घडलं, हे त्यांना कुणीच सांगत नाही.

पाचवीच्या ‘परिसर अभ्यास भाग २’मध्ये आदिमानवापासून सुरू झालेली गोष्ट हडप्पा, मेसोपोटेमिया, इजिप्त आणि चीनपर्यंत येते. तैग्रिस आणि युफ्रेटिस या दोन नद्यांची नावं मूल तिथे शिकतं. पुढे सहावीत प्राचीन भारत, सातवीत मध्ययुग. सातवीचं पुस्तक २०१७ मध्ये बदललं, तेव्हा सुलतानशाही आणि मुघल यांचा भाग बराच आटोपता झाला आणि त्यावर वर्तमानपत्रांतून चर्चाही झाली. पण पाचवीत ओळख झालेल्या त्या दोन नद्यांकडे मूल पुन्हा कधी जात नाही. तिथे पुढे बगदाद वसलं, पंचतंत्र पोहोचलं, आपले अंक पोहोचले, ही गोष्ट शाळेच्या वाटेवर कुठेच लागत नाही. राष्ट्रीय पातळीवरही चित्र असंच आहे. एनसीईआरटीच्या अकरावीच्या जागतिक इतिहासात मध्यवर्ती इस्लामी प्रदेशांवर एक प्रकरण होतं. २०२२ च्या काटछाटीत ते गेलं. म्हणजे दहा वर्षांच्या मुलाला जे सांगितलं गेलं नाही, ते सोळाव्या वर्षीही सांगितलं जाईल असा भरवसा उरला नाही.

इंग्लंडमध्ये २०१४ पासून लागू झालेल्या अभ्यासक्रमात सात ते अकरा वयाच्या मुलांसाठी युरोपबाहेरचा एक समाज अभ्यासायला दिला आहे. त्यासाठी तीन पर्याय आहेत: आफ्रिकेतलं बेनिन, अमेरिकेतली माया संस्कृती आणि इ.स. ९०० च्या सुमाराचं बगदाद. तिथले शिक्षक मुलांकडून पुठ्ठ्याचं गोल शहर करून घेतात, नकाशावर व्यापाराच्या वाटा आखून घेतात. हे चांगलंच आहे. पण त्यांच्यासाठी बगदाद म्हणजे आपल्याहून वेगळं काहीतरी, तुलनेसाठी घेतलेलं. आपल्याला तो पाठ जसाच्या तसा उचलून चालणार नाही, कारण आपल्यासाठी बगदाद इतकं परकं कधीच नव्हतं.

तारखाच पाहा. अब्बासी खलिफा अल्-मन्सूर यानं बगदादची पायाभरणी केली इ.स. ७६२ मध्ये. पुण्याच्या नावाचे सर्वांत जुने उल्लेख राष्ट्रकूट राजा कृष्ण पहिला याच्या ताम्रपटांत सापडतात, आणि त्यांची वर्षं आहेत ७५८ आणि ७६८. ‘पुण्य विषय’ आणि ‘पुनक विषय’ अशी नावं त्यांत येतात. विषय म्हणजे तेव्हाचा प्रशासकीय प्रदेश. म्हणजे पुण्याचं नाव तांब्यावर कोरलं जात होतं त्याच दशकात तैग्रिसच्या काठी बगदादच्या भिंती चढत होत्या. पुढच्या पिढीत हा योग आणखी जुळतो. खलिफा अल्-मामून ८१३ मध्ये गादीवर आला आणि राष्ट्रकूट अमोघवर्ष ८१४ मध्ये. मामूनच्या बगदादेत अल्-ख्वारिझ्मी अंकगणित आणि बीजगणितावर लिहीत होता. अमोघवर्षाच्या राज्यात महावीराचार्यांनी इ.स. ८५० च्या सुमारास ‘गणितसारसंग्रह’ लिहिला. दोन दरबार, दोन गणिती, एकच शतक. भीमा आणि घोड नद्यांचं हे खोरं तेव्हा राष्ट्रकूटांच्याच सत्तेखाली होतं. मुलांकडून कालरेषा काढून घ्यायची असेल तर याहून चांगली जोडी मला दिसत नाही. फळ्यावर दोन समांतर रेघा ओढा, एकीवर पुणे आणि दुसरीवर बगदाद लिहा, आणि मधल्या जागेत काय काय ये-जा करत होतं ते मुलांना भरू द्या.

मधल्या जागेत बरंच काही होतं. अरब व्यापारी राष्ट्रकूट राजाला ‘बल्हारा’ म्हणत. ८५१ मध्ये नोंदवलेल्या, सुलैमान व्यापाऱ्याच्या नावानं ओळखल्या जाणाऱ्या वृत्तांतात जगातल्या चार मोठ्या राजांत खलिफा, चीनचा सम्राट आणि रोमचा म्हणजे बायझंटाईन राजा यांच्या पंगतीला हा बल्हारा बसवलेला आहे, आणि अरबांशी तो प्रेमानं वागतो असंही म्हटलं आहे. ९१६ च्या सुमारास अल्-मसूदी हा बगदादचा लेखक आपल्या चौलला येऊन गेला. तिथे मुसलमानांची मोठी वस्ती असल्याचं त्यानं लिहून ठेवलं.

पण या साऱ्या पुराव्यांत प्राथमिकच्या वर्गासाठी मला सर्वांत मोलाचा वाटतो तो पालघर जिल्ह्यात डहाणूजवळच्या चिंचणीला सापडलेला ताम्रपट. तो आहे शके ८४८ चा, म्हणजे इ.स. ९२६ चा, राष्ट्रकूट इंद्र तिसरा याच्या काळातला. संजाणच्या प्रदेशावर राष्ट्रकूटांनी नेमलेला अधिकारी त्यात येतो. त्याचं नाव मधुमती, आणि तो ताजिक, म्हणजे अरब. मधुमती हे मुहम्मद या नावाचं संस्कृत रूप असल्याचं अभ्यासक मानतात. त्याला नेमलं होतं कृष्ण दुसरा यानं. या माणसानं काय केलं? नद्यांवर लोकांसाठी फुकट तर, म्हणजे होडीची ये-जा, सुरू केली. अन्नसत्र काढलं, त्यात साळीचा भात, कालवण आणि तूप मिळे. आणि एका ब्राह्मणानं बांधलेल्या देवीच्या मठिकेला, राजाच्या संमतीनं, गाव आणि जमीन दिली. नैवेद्य आणि डागडुजी चालावी म्हणून.

चौथी-पाचवीच्या मुलाला ही गोष्ट समजायला काहीच अडचण नाही. तर, भात, तूप, देवीचा नैवेद्य हे सगळं त्याच्या ओळखीचं आहे. बगदादला इ.स. ९०० च्या सुमारास काय चाललं होतं, हे इंग्लंडचं मूल शिकतं. त्याच काळात महाराष्ट्राच्या किनाऱ्यावर अरब अधिकारी लोकांना जेवू घालत होता, हे आपलं मूल शिकत नाही. मला ही उणीव खरोखर सलते.

बगदादची गोष्ट सांगायची तर कुठून सुरुवात करावी? मुहूर्तापासून करावी असं मी म्हणेन, कारण मुहूर्त काढल्याशिवाय घराची पायाभरणी होत नाही हे इथल्या मुलांना माहीत असतं. मन्सूरनंही मुहूर्त काढून घेतला होता. तो काढणाऱ्यांत नौबख्त हा इराणी होता आणि माशाअल्लाह हा ज्यू. शहर गोल आखलं, त्याला चार दरवाजे ठेवले: कूफा, बसरा, खुरासान आणि सीरिया. ज्या दरवाज्यातून बाहेर पडाल त्या मुलखाचं त्याला नाव. मधोमध राजवाडा आणि मशीद. या शहरात नुसते मुसलमान नव्हते, हे मुलांना पहिल्या तासिकेतच कळायला हवं. ग्रीक वैद्यकाची पुस्तकं अरबीत आणणारा हुनैन इब्न इसहाक ख्रिस्ती होता. गणिती साबित इब्न कुर्रा ग्रहताऱ्यांची पूजा करणाऱ्या हर्रानच्या लोकांतला. खलिफांचे वजीर झालेले बर्मकी घराण्याचे लोक मूळचे बल्खच्या नवविहार या बौद्ध मठाच्या प्रमुखांचे वंशज. त्यांच्याच पुढाकारानं भारतीय वैद्यकाचे ग्रंथ अरबीत गेले. मन्सूरच्या दरबारात ७७० च्या दशकात भारतातून एक विद्वान सिद्धान्तग्रंथ घेऊन पोहोचला आणि त्यावरून अरबीत ज्योतिषाची कोष्टकं तयार झाली. अंकांची गोष्ट इथूनच पुढे जाते. आपले नऊ अंक आणि शून्य ख्वारिझ्मीनं समजावून सांगितले, त्याच्या पुस्तकाचं पुढे लॅटिनमध्ये भाषांतर झालं, आणि १२०२ मध्ये पिसाच्या लिओनार्डोनं ते इटलीच्या व्यापाऱ्यांना शिकवले.

दुसरी वाट गोष्टीची. करटक आणि दमनक या दोन कोल्ह्यांना मुलं मराठीच्या तासाला भेटलेली असतात. सहाव्या शतकात बुर्झोय नावाच्या इराणी वैद्यानं पंचतंत्र पहलवी भाषेत नेलं. आठव्या शतकाच्या मध्याला इब्न अल्-मुकफ्फानं ते अरबीत आणलं आणि पुस्तकाचं नाव ठेवलं त्या दोन कोल्ह्यांवरून, ‘कलीला व दिम्ना’. तिथून ते ग्रीक, हिब्रू, लॅटिन, स्पॅनिश असं फिरत राहिलं. सिंह आणि सशाची गोष्ट वर्गात सांगून झाल्यावर हा प्रवास नकाशावर बोटानं दाखवायला एक तासिका पुरते. पहिली-दुसरीलाही हे जमेल. त्यांना सनावळी नको, फक्त गोष्ट कुठून कुठे गेली एवढं पुरे.

कागदाची वाट मात्र थेट आपल्या दारात येते, म्हणून तिच्यावर थोडं थांबतो. कागद चीनचा. ७५१ मध्ये तलास नदीकाठी अरब आणि चिनी फौजांची लढाई झाली आणि पकडलेल्या चिनी कारागिरांनी समरकंदला कागद शिकवला, असं जुने अरब लेखक सांगतात. आजचे इतिहासकार या कथेबद्दल साशंक आहेत. पण आठव्या शतकाच्या अखेरीस बगदादेत कागद तयार होत होता हे नक्की, आणि नवव्या शतकात तिथल्या एका बाजारात शंभराच्या वर पुस्तकविक्रेते असल्याचं अल्-याकूबी लिहितो. कातडं महाग, पपायरस दूरचा. कागद आला आणि हिशेब, पत्रं, पुस्तकं सगळंच स्वस्त झालं. हे कसब सुलतानशाहीच्या काळात दख्खनमध्ये उतरलं. दौलताबादजवळचं कागजीपुरा आणि आपल्या जिल्ह्यातलं जुन्नर ही त्याची केंद्रं. पेशवे दफ्तरातली कितीतरी पत्रं दौलताबादी आणि जुन्नरी कागदावर आहेत. मराठ्यांचा इतिहास आज आपण वाचू शकतो तो त्या कागदामुळे. जुन्या चिंध्या आणि वर्तमानपत्रं भिजवून, कुटून, चाळणीवर पसरून कागद करणं शाळेच्या ओट्यावर सहज होतं. कार्यानुभवाचा तासही त्यात भागतो. करून शिकण्याची परंपरा शिरूर तालुक्याला नवी नाही. पाबळला १९८३ मध्ये डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी विज्ञान आश्रम सुरू केला तो याच विचारानं.

त्या पेशवेकालीन पत्रांवरची कालगणनाही मुलांना दाखवावी. तीत शुहूर सन असतो आणि त्याचे आकडे अरबी शब्दांत लिहिलेले. ‘इहिदे सितैन मया व अलफ’ म्हणजे एक, साठ, शंभर आणि हजार, एकूण ११६१. त्यात ५९९ किंवा ६०० मिळवले की इसवी सन येतो, १७६०-६१, पानिपतचं वर्ष. हे वर्ष मृगाला सुरू होई, म्हणून त्याला मृगसाल म्हणत. मृगाच्या पावसाची वाट पाहणाऱ्या शेतकऱ्याच्या मुलाला हे वेगळं समजावून सांगावं लागत नाही. पाचवीची बेरीज-वजाबाकी आणि पानिपत दोन्ही एका तासात होतात.

हिजरी सनाचंही असंच. मुहम्मद पैगंबर मक्केहून मदिनेला गेले ते वर्ष ६२२. तिथून हा सन मोजतात. त्याचं वर्ष चांद्र, सुमारे ३५४ दिवसांचं, म्हणून ईद दर वर्षी दहा-अकरा दिवस अलीकडे सरकते. आपलं पंचांगही चंद्राचंच, पण अधिक महिना घालून ते ऋतूंशी जुळवून घेतात. हिजरीत अधिक महिना नाही. दिवाळी नेहमी थंडीच्या तोंडावर आणि ईद कधी उन्हाळ्यात, कधी पावसात, असं का, हा प्रश्न मुलं स्वतःच विचारतात. उत्तरासाठी भिंतीवरचं कॅलेंडर पुरतं.

दौंड तालुक्याला आणखी एक विषय हाताशी आहे, तो म्हणजे ऊस. केडगाव परिसरातल्या गुऱ्हाळांची काहील आणि गुळाची ढेप पाहिली नाही असं मूल तिथे विरळा. ऊस आणि साखर करण्याची रीत भारतातून इराणला गेली. खुजिस्तानात उसाची शेती वाढली. अरबांच्या राज्यात ती इजिप्त, सिसिली, स्पेनपर्यंत पोहोचली. तिथून पुढे पोर्तुगीजांनी ती अटलांटिकच्या बेटांवर नेली. हंगामात मराठवाड्यातून ऊसतोडीला येणाऱ्या कुटुंबांची मुलंही याच शाळांत बसतात. घामाच्या बाजूनं ऊस त्यांना ठाऊक असतो. या विषयात त्यांच्यापाशी सांगण्यासारखं सर्वांत जास्त असेल.

इनामगावचा उल्लेख केल्याशिवाय मला पुढे जाता येत नाही. शिरूर तालुक्यातल्या घोड नदीकाठच्या या गावी १९६८ पासून १९८३ पर्यंत डेक्कन कॉलेजनं उत्खनन केलं. हसमुख सांकलिया आणि मधुकर ढवळीकर यांच्यासारखे पुरातत्त्वज्ञ त्यात होते. साडेतीन हजार वर्षांपूर्वीच्या शेतकऱ्यांचं गाव तिथे उजेडात आलं. घरांच्या जमिनी, धान्याच्या कणग्या, चुली, घरातच पुरलेल्या लहान मुलांच्या अस्थींचे कुंभ. पण त्या गावातल्या एकाही माणसाचं नाव आपल्याला माहीत नाही, कारण त्यांच्याकडे लिपी नव्हती. बगदादचं नेमकं उलटं. मन्सूरच्या गोल शहराची एक वीटही आज दाखवता येत नाही, ते आधुनिक बगदादखाली गेलं. पण त्याचे दरवाजे, रस्ते, बाजार, दुकानदार यांची नावं पुस्तकांत आहेत. एकीकडे वस्तू आहेत आणि शब्द नाहीत, दुसरीकडे शब्द आहेत आणि वस्तू नाहीत. इतिहास कशावरून लिहितात हे दहा वर्षांच्या मुलाला समजावण्यासाठी अशी उघड जोडी क्वचित मिळते, आणि तिचा अर्धा भाग शिरूरच्या शाळांपासून एसटीच्या अंतरावर आहे.

विज्ञानासाठी इब्न अल्-हैसम घ्या. बसऱ्यात जन्मून कैरोत गेलेल्या या माणसानं अकराव्या शतकात प्रकाशावर प्रयोग केले. वस्त्यांवरच्या पत्र्याच्या शाळांत भोकातून जमिनीवर कवडसा पडतो. भोक वेडंवाकडं असलं तरी कवडसा गोल का, आणि ग्रहणात तो कोरीसारखा का होतो, यावर त्यानं स्वतंत्र ग्रंथ लिहिला. साहित्य काहीच लागत नाही.

आता जपायच्या गोष्टी. या विषयावर मुलांसाठी जे साहित्य जगात तयार झालं आहे त्यातला बराच भाग कौतुकाच्या भरात लिहिलेला आहे. अब्बास इब्न फिर्नास नवव्या शतकात स्पेनमध्ये पंख लावून उडाला, ही कथा सतराव्या शतकातल्या अल्-मक्करीच्या पुस्तकातून आपल्याकडे येते. ती कथा म्हणून सांगावी, विमानाचा शोध म्हणून नव्हे. बगदादच्या ‘बैत अल्-हिक्मा’चं वर्णन विद्यापीठासारखं केलं जातं. प्रत्यक्षात पुरावा तुटपुंजा आहे, आणि ते मुख्यतः ग्रंथालय असावं असं दिमित्री गुटास यांच्यासारखे अभ्यासक मानतात. दहाव्या शतकात अलेप्पोच्या दरबारात खगोलयंत्रं करणारी एक स्त्री होती. इब्न अल्-नदीमच्या ग्रंथसूचीत तिची नोंद आहे, पण जेमतेम एका ओळीची. त्या ओळीवर महाजालानं अख्खं चरित्र उभं केलं आहे. मुलींना तिच्याबद्दल जरूर सांगावं, पण तेवढंच जेवढं आहे.

उलट बाजूनंही तोल जातो. अरबांनी जे काही केलं ते आपल्याकडून घेऊनच केलं, असं सांगण्याचा मोह मराठी शिक्षकाला होतो. तेही खरं नाही. ग्रीकांकडून, इराण्यांकडून घेतलं, आपल्याकडून घेतलं, आणि त्यावर स्वतःची मोठी भर घातली. ख्वारिझ्मीचं बीजगणित आणि इब्न अल्-हैसमचे प्रयोग त्यांचे आहेत. आणि जे कटू आहे ते लपवू नये. ७१२ मध्ये मुहम्मद इब्न कासिमनं सिंध जिंकला तो लढूनच. बसऱ्याच्या दलदलीत राबवलेल्या आफ्रिकी गुलामांनी ८६९ मध्ये बंड केलं, ते चौदा वर्षं चाललं. भव्य शहरांच्या पायाशी अशी माणसं असतात हे पाचवीच्या मुलाला सांगता येतं. ते सांगितलं नाही तर बाकीच्यावर त्यानं विश्वास का ठेवावा?

वर्गातल्या वागण्याचेही काही नियम पाळावे लागतील. पैगंबरांचं चित्र काढू नये, मुलांना काढायला सांगू नये, त्यांचं नाटुकलं बसवू नये. नमाजाचा अभिनय नको. आणि वर्गात एखादंच मुलाणी किंवा तांबोळ्यांचं मूल असेल तर ‘तुमच्यात काय करतात सांग बरं’ असं म्हणून त्याला उभं करू नये. त्या मुलाला बगदाद तितकंच नवं असतं. त्यालाही ते पुस्तकातूनच कळायचं आहे.

कायद्याची अडचण आहे का? संविधानाच्या कलम २८ प्रमाणे पूर्णपणे सरकारी खर्चानं चालणाऱ्या शाळेत धार्मिक शिक्षण देता येत नाही, आणि जिल्हा परिषदेची शाळा त्यात येते. पण धर्माची शिकवण देणं आणि धर्मांविषयी, त्यांच्या इतिहासाविषयी शिकवणं यांत फरक आहे. २००२ मध्ये अरुणा रॉय खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं तो स्पष्ट केला. इस्लामी संस्कृतीचा इतिहास शिकवताना कुठलाही शिक्षक कायदा मोडत नाही.

अडचण आहे ती भीतीची. ऑगस्ट २०२५ मध्ये दौंड तालुक्यातल्या यवतमध्ये समाजमाध्यमावरच्या एका मजकुरावरून दगडफेक आणि जाळपोळ झाली, जमावबंदी लागली. अशा वेळी शिक्षकाला वाटतं, हा विषयच नको. त्याची धास्ती मी समजू शकतो. पण मुलांच्या हातात मोबाइल आहे, आणि शाळा गप्प राहिली तरी मोबाइल गप्प राहत नाही. शाळेनं न सांगितलेली जागा रिकामी राहत नाही, ती दुसरं कुणीतरी भरतं. म्हणूनच हा विषय शाळा व्यवस्थापन समितीपुढे आधी मांडावा, पालकांना पाठाची पानं दाखवावीत. पंचतंत्र, कागद, ऊस आणि अंक पाहून विरोध करणारा पालक मला डोळ्यांपुढे येत नाही.

मराठीत साहित्य नाही, ही सबबही पुरती खरी नाही. कृष्णशास्त्री चिपळूणकरांनी एकोणिसाव्या शतकातच ‘अरबी भाषेतील सुरस व चमत्कारिक गोष्टी’ मराठीत आणायला घेतल्या आणि हारून अल्-रशीदचं बगदाद मराठी घरांत आलं. गौरी देशपांडे यांनी पुढे अरेबियन नाइट्सचे सोळा खंड केले. साने गुरुजींनी ‘इस्लामी संस्कृति’ लिहिलं. ज्या लेखकाचं ‘श्यामची आई’ शाळाशाळांत वाचतात, त्याचं हे पुस्तक शाळेच्या कपाटात मात्र दिसत नाही. हे सगळं मोठ्यांसाठी आहे, हे मान्य. आठ ते अकरा वयाच्या मुलाच्या हातात देता येईल असं, चित्रं आणि नकाशे असलेलं पुस्तक हवं, आणि त्यात बगदादच्या शेजारी पुनक विषय, चिंचणीचा ताम्रपट, जुन्नरचा कागद असला पाहिजे. बाहेरचं पुस्तक भाषांतरित करून हे होणार नाही.

राज्याचा नवा अभ्यासक्रम २०२५-२६ मध्ये पहिलीपासून सुरू झाला आहे आणि टप्प्याटप्प्यानं वरच्या इयत्तांची पुस्तकं बदलणार आहेत. त्यात हा विषय यावा अशी मागणी करायला हवी, पण शिरूर आणि दौंडच्या शिक्षकांनी त्याची वाट पाहू नये. दर महिन्याला केंद्रावर शिक्षण परिषद भरते. तिथे एकदा हा विषय घ्या. पाचवीला मेसोपोटेमियाचा पाठ संपला की त्याच नकाशावर, त्याच नदीकाठी, पाच तासिका बगदादला द्या. चौथीला शिवचरित्र सुरू करण्याआधी एक दिवस चिंचणीच्या ताम्रपटातल्या मधुमतीची गोष्ट सांगा. पुढे पुस्तकातला अफजलखान येईल तेव्हा तो आदिलशाहीचा सरदार म्हणून येईल, एका सबंध धर्माचा चेहरा म्हणून येणार नाही. यासाठी वेगळा निधी, वेगळा आदेश किंवा वेगळं प्रशिक्षण लागत नाही. येत्या जूनपासून सुरुवात करता येईल.